दुखणे सांगावे कोणाला?



वार्षिक समारंभाला डॉक्टर बोलावला की तो आरोग्याचे दहा नियम सांगणार आणि मागच्या रांगेतली मुले जांभया देणार, हे ठरलेलेच असते. आज मी नियम सांगणार नाही. दुखणे म्हणजे काय, ते आपल्याला काय सांगत असते आणि आपण ते ऐकतो का, एवढाच विषय मी घेतला आहे. शरीराचे दुखणे आणि मनाचेही.

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघाले की वाटेत नेरे गाव लागते. तेथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. त्याचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले असेल, आत जाऊन आलेले मात्र थोडेच असतील. या रोगाचे नाव निघाले की डोळ्यांसमोर झडलेली बोटे येतात. रोगच बोटे खातो, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. डॉक्टरांचीही बराच काळ तशीच समजूत होती.

ती खोडून काढली डॉ. पॉल ब्रँड यांनी. हे इंग्रज मिशनरी दांपत्याचे चिरंजीव. त्यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूच्या डोंगराळ मुलखात झाला आणि १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शस्त्रवैद्य म्हणून रुजू झाले. एकदा गंजलेले कुलूप त्यांना उघडेना. एक रोगी मुलगा पुढे झाला आणि त्याने किल्ली झटक्यात फिरवली. डॉक्टरांनी खाली पाहिले तर रक्ताचे थेंब! किल्लीने मुलाचे बोट हाडापर्यंत कापले होते आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. त्या बोटाला दुखतच नव्हते.

तेथून त्यांनी प्रत्येक जखमेचा माग काढायला सुरुवात केली. तेव्हा ध्यानात आले की कुष्ठरोगाचे जंतू हातापायांच्या मज्जातंतूंवर हल्ला करतात आणि तेथील संवेदना जाते. मग हा माणूस तापलेले भांडे उघड्या हाताने उचलतो, चपलेत खिळा असला तरी दिवसभर चालतो. रात्री उंदराने बोट कुरतडले तरी त्याला जाग येत नाही. जखमा चिघळतात, हाड झिजते आणि बोट आखूड होत जाते. म्हणजे बोट जाते ते दुखणे नाहीसे झाल्यामुळे.

पुढे अमेरिकेत याच डॉक्टरांनी बधिर हातांसाठी कृत्रिम वेदना बनविण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यात यंत्र बसविले. जास्त दाब पडला की शिटी वाजे. रोग्यांनी शिटीकडे दुर्लक्ष केले. मग विजेचा सौम्य धक्का देऊन पाहिला, तर मंडळी धोक्याचे काम करण्यापूर्वी यंत्रच बंद करू लागली! अखेर तो प्रयोग सोडून द्यावा लागला. परमेश्वराने वेदनेचे बटण आपल्या हाती का ठेवले नाही, याचे उत्तर या हकिकतीत आहे असे मला वाटते.

आता घरांकडे वळू. मुलगा शाळेतून येतो, जेवत नाही, कोपऱ्यात बसतो. आई विचारते, “काय झालं?” तो म्हणतो, “काही नाही.” वडील म्हणतात, “मुलगा असून रडतोस काय?” मुलीने पोटात दुखते म्हटले की “बायकांचं असंच असतं, सहन करायला शीक.” सासुरवाशिणीचे दुखणे तर माहेरीसुद्धा पोहोचत नाही. आपण आपल्या माणसांना बधिर व्हायला शिकवतो आणि त्याला सहनशक्ती म्हणतो. जखम मात्र आत चालूच राहते.

येथे कोणीतरी ‘सब्र’ हा शब्द काढील, म्हणून त्याबद्दल बोलतो. मी आलिम नाही. पण जे सर्वांना ठाऊक आहे ते आठवावे. सब्र म्हटले की आपण हजरत अय्यूब (अलैहिस्सलाम) यांचे नाव घेतो. त्यांनी आपली तकलीफ आपल्या रब्बापुढे मांडली होती. हजरत याकूब (अलैहिस्सलाम) यांचा सब्र तर मिसाल म्हणून सांगितला जातो, आणि पुत्रवियोगाच्या दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले. तेव्हा रडणे आणि सब्र यांचे वैर आहे, दुखणे सांगणे म्हणजे नाशुक्री आहे, हे आपण कोठून आणले?

शास्त्राकडेही पाहू. वेदना म्हणजे तारेवरून आलेला नुसता निरोप नव्हे. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली इटलीतील आन्झिओ येथे डॉ. हेन्री बीचर यांना असे दिसले की भयंकर जखमी झालेल्या बहुतेक सैनिकांनी वेदनाशामक औषध मागितलेच नाही. त्यांच्या मते त्या सैनिकाला जखम म्हणजे रणांगणातून सुटका होती. हीच जखम रस्त्यावरच्या अपघातात झाली तर माणूस आक्रोश करतो. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी याची एक उपपत्ती मांडली. पाठीच्या कण्यात जणू एक दार आहे, ते कमीजास्त उघडते. भीती, काळजी, एकटेपणा यांनी ते सताड उघडते. धीर आणि आपल्या माणसाचा हात यांनी ते लोटले जाते. आई लागलेल्या जागेवर फुंकर घालते आणि हलकेच चोळते, ती काही उगीच नव्हे.

आणि मनाला लागते तेव्हा? २००३ साली कॅलिफोर्नियात एक साधा प्रयोग झाला. पडद्यावर चेंडू फेकण्याचा खेळ. थोड्या वेळाने एकाला चेंडू देणेच बंद करायचे. वगळलेल्या माणसाच्या मेंदूत जो भाग जागा झाला, तो शरीर दुखते तेव्हाही जागा होतो. वर्गात ज्याला कोणी खेळायला घेत नाही त्याला ‘लागते’ म्हणतात, ते शब्दशः खरे आहे. मुलांनो, हे विशेषतः तुम्ही ऐका.

कुष्ठरोग्याला ही दोन्ही दुखणी भोगावी लागली. शरीराचे दुखणे गेले आणि माणसांनी टाकल्याचे राहिले. आज हा रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. सहा महिने ते वर्षभराचा हा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. तरीसुद्धा जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावर घटस्फोट मागण्याची तरतूद आपल्या कायद्यांत २०१९ पर्यंत होती, १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यातही होती. त्या वर्षी संसदेने ती सगळीकडून काढून टाकली. औषध येऊन चांगली अडतीस वर्षे झाल्यावर! अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर तो दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. दुखत नाही म्हणूनच दाखवा.

मात्र वेदना ही देणगीच आहे असे सरसकट म्हणणारे मला पटत नाहीत. निरोप पोहोचल्यावरही घंटा वाजत राहिली तर तो निव्वळ छळ आहे. कर्करोगाच्या शेवटच्या दिवसांतील वेदनेला काय शिकवायचे असते? तेथे ती थांबविणे हेच कर्तव्य. मॉर्फिनसारखे औषध योग्य मात्रेत आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली दिले तर रोग्याला शांत झोप लागते. ‘सवय लागेल’ या भीतीने नातेवाईक ते नाकारतात, हे मी पाहिले आहे आणि मला ते क्रूर वाटते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध मिळणे फार अवघड झाले होते; २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली.

याच्या अगदी उलट, गुडघा दुखला की दुकानातून गोळी आणायची आणि महिनोन्‌महिने खायची, ही आपल्याकडची रीत. तिने घंटा बंद होते, आग विझत नाही. वर पोट आणि मूत्रपिंडे बिघडतात ती वेगळीच. डॉक्टरकडे जाल तेव्हा नुसते “अंग दुखतंय” म्हणू नका. कोठे, केव्हापासून, कशाने वाढते, कशाने कमी होते, झोप लागते का, हे सांगा. घरात काही घडले असेल तर तेही सांगा. पाठदुखीची मुळे कधी कधी कर्जाच्या वहीत सापडतात.

मनाच्या दुखण्यालाही हेच प्रश्न लागू आहेत. मुलाला “काय झालं?” एवढे विचारून उठू नका, जवळ बसा. उत्तर लगेच येत नाही. आले की पहिल्या दोन मिनिटांत उपदेश करू नका, तुलना तर नकोच. झोप उडाली, अभ्यासावरून मन उडाले, जगण्यात अर्थ नाही असे बोल निघू लागले आणि दोन आठवडे असेच चालले, तर तो आजार समजून डॉक्टरकडे न्या. मरणाचे बोल निघाले तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी न्या, आणि तोवर त्याला एकटे सोडू नका. लोक काय म्हणतील ते नंतर पाहू. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही गुन्हेगार म्हणून न पाहता तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून पाहिले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, घरी सांगता येत नसेल तर शिक्षकांना सांगा. तेही जमत नसेल तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री दोन वाजताही उचलतात आणि मराठीत बोलता येते. क्रमांक वहीच्या मागच्या पानावर आताच लिहून घ्या; मी थांबतो तोवर.