तळहाताएवढ्या रबरावर दीड टन

29 एप्रिल 1899 रोजी पॅरिसजवळच्या आशेर इथे कामीय जेनात्झी हा बेल्जियन चालक काडतुसाच्या आकाराच्या एका गाडीत बसला आणि त्याने ताशी शंभर किलोमीटरची वेस ओलांडली. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीने तो वेग पहिल्यांदाच गाठला होता. ती गाडी बॅटरीवर चालत होती. वजन सुमारे दीड टन, आणि खाली मिशेलिनचे हवा भरलेले टायर.

पुण्याजवळ रांजणगावात तयार होणारी टाटा नेक्सॉन ईव्ही जवळपास तेवढीच जड आहे, सुमारे 1400 किलो. जानेवारी 2020 मध्ये ती बाजारात आली. त्या पहिल्या गाड्यांचे मालक आता टायरच्या दुकानाची पायरी चढू लागले आहेत, आणि बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न असतो, "कितीला पडेल?" त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हा टायर किती वजन पेलतो?

त्याचे उत्तर टायरच्या अंगावरच लिहिलेले असते. खाली बसून, धूळ पुसून वाचले की दिसते: 215/60 आर 16, आणि पुढे 95 एच. रुंदी 215 मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या 60 टक्के, रिम 16 इंची. इथपर्यंत सगळे वाचतात. शेवटचे 95 मात्र नजरेतून सुटते. तो भारांक आहे. 95 म्हणजे एका टायरवर 690 किलो. याच मापात जादा भाराचा 99 क्रमांकाचा टायरही मिळतो, तो 775 किलो पेलतो. एच हे अक्षर ताशी 210 किलोमीटरची वेगमर्यादा सांगते.

समजा, कुणी स्वस्तात 195/60 आर 16 पुढे केला. रिम 16 इंचीच, त्यामुळे नजरेला फरक जाणवत नाही. पण या मापाचा नेहमीचा भारांक 89, म्हणजे 580 किलो. एका चाकामागे 110 किलोंची ताकद गेली. शिवाय टायरची उंची 129 ऐवजी 117 मिलिमीटर झाली, म्हणजे वेगाचा काटाही खरे सांगेनासा होतो. कंपनीने दिलेल्या भारांकापेक्षा कमी भारांकाचा टायर इलेक्ट्रिक गाडीला कधीही बसवू नये. भाव कितीही उतरला तरी नाही.

झिजेचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. पहिल्या नेक्सॉन ईव्हीच्या मोटरचा टॉर्क 245 न्यूटन मीटर होता, त्या वेळच्या पेट्रोल नेक्सॉनचा 170. आणि मोटरचा हा जोर सिग्नल सुटल्या क्षणी हजर असतो. गाडीचा वेग कमी करताना मोटर जनरेटर होते आणि तेच चाक उलट ओढते. म्हणून पुढच्या चाकांवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीचे पुढचे टायर आधी गोटा होतात.

मग ईव्हीसाठी म्हणून विकला जाणारा टायरच घ्यावा का? अपोलोने अँपेरियन याच कामासाठी आणला, मिशेलिन आणि हँकूक यांचेही असे टायर आहेत. घरंगळताना कमी ऊर्जा खाणे, आवाज कमी करणे आणि वजन पेलणे हे त्यांचे काम. पेट्रोल गाडीत बरीच ऊर्जा इंजिनातच उष्णता होऊन जाते. इलेक्ट्रिक गाडीत तो अपव्यय थोडा, म्हणून टायरने खाल्लेली ऊर्जा लगेच रेंजमध्ये दिसते. तरीही रत्नागिरीत किंवा महाबळेश्वरच्या घाटात जून ते सप्टेंबर गाडी चालवणाऱ्याने रेंजचे थोडे किलोमीटर सोडावेत आणि ओल्या रस्त्यावरची पकड आधी पाहावी. जड गाडी उतारावर थांबवायची, तर चारही टायर मिळून रस्त्याला टेकलेली जागा जेमतेम चार तळहातांएवढी असते.

काही टायरांच्या आत आवाज शोषणारा फोमचा थर चिकटवलेला असतो. तसला टायर घेण्याआधी आपला पंक्चरवाला तो दुरुस्त करू शकेल का, हे विचारून घ्यावे.

टायरवर तारीखही सापडते. चार आकडे असतात: 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. आयएसआय चिन्ह तर हवेच. आणि खाचांच्या तळाशी जी छोटी उंचवट्याची खूण असते, तिथपर्यंत रबर झिजले की फक्त 1.6 मिलिमीटर उरलेले असते. 2023 मध्ये समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाने टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत फिरवल्या होत्या. काँक्रीट, विदर्भातले ऊन आणि कमी हवा एकत्र आली की टायर आतून तापत जातो. म्हणून हवा सकाळी, गाडी गार असताना तपासावी आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलीच भरावी.

दोनच टायर नवे घेतले तर ते मागे बसवावेत, जुने पुढे. ओल्या वळणावर मागची चाके घसरली तर गाडी सावरणे फार अवघड जाते.

आणि गाडी उचलताना मालकाने तिथे उभे राहावे. या गाड्यांच्या तळाला बॅटरी असते, त्यामुळे जॅक कुठेही लावून चालत नाही. कारागीर जमिनीवर आडवा होतो, उंबऱ्याच्या खालच्या कडेला बोट फिरवून खाच शोधतो, जॅकचे डोके तिथे नीट बसल्याची खात्री करतो, आणि मगच दांडा फिरवायला घेतो.