पेठेबाहेरचा फुटबॉल

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत फुटबॉल म्हणजे तालीम मंडळांचा. आपला संघ पाटाकडील तालीम की बालगोपाल तालीम, हा प्रश्न इथं जन्मासोबतच सुटतो. व्यावसायिक खेळाडूला ती चैन नाही. त्याचा संघ कराराच्या मुदतीपुरता. कोल्हापूरचाच फुटबॉलपटू अनिकेत जाधव पाहा. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून दिल्लीत खेळला. मग एकामागून एक क्लब: इंडियन ॲरोज, २०१९ मध्ये जमशेदपूर, २०२१ मध्ये हैदराबाद, पुढं ओडिशा. दरवेळी नवा प्रशिक्षक, नवे सोबती आणि अकरा जणांत जागा मिळवायची धडपड पुन्हा पहिल्यापासून. लोकांना गोल दिसतात, ही वणवण दिसत नाही. तेव्हा इथल्या शाहू स्टेडियमवर ईर्षेनं खेळणाऱ्या पोरांनो, व्यावसायिक व्हायचं असेल तर गाव सोडायची तयारी आधी करा.