पार्सलावरची चिठ्ठी

पार्सल पाठविणाऱ्याच्या हातून सुटले, की पुढच्या साऱ्या प्रवासात त्याच्या वतीने बोलणारे एकच काही उरते, आणि ते म्हणजे त्यावर चिकटविलेली चिठ्ठी. खोक्यात काय आहे, ते किती निगुतीने बांधले आहे, पाठविणारा किती सचोटीचा आहे, यांतले काहीही वाटेवरच्या हमालाला, मोटारचालकाला किंवा दारोदार फिरणाऱ्या माणसाला ठाऊक नसते. त्याला दिसते ती चिठ्ठी. ती वाचता आली, तर सामान्य मालही मुक्कामी पोचतो. वाचता आली नाही, तर उत्तम माल आल्या वाटेने परत जातो.

घरबसल्या माल मागविण्याची पद्धत आपल्याकडे नवी नव्हे. हिंदुस्थानच्या टपाल खात्याने १८७७ साली व्ही. पी. सुरू केली, आणि माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय गावोगावी झाली. तेव्हा पत्ता हाताने लिहिला जाई व तो वाचणारा मनुष्यच असे. अक्षर किरटे असले, गावाचे नाव अर्धवट असले, तरी जुना कारकून तर्काने पत्ता लावीत असे. आज मागणी इंटरनेटवरून येते. म्हापशाची गृहिणी आमसुले पाठविते, बेळगावचा मिठाईवाला कुंदा पाठवितो, इंदूरचा दुकानदार शेव पाठवितो. मात्र त्यांच्या पार्सलाचा पहिला वाचक आता मनुष्य राहिलेला नाही, तो यंत्र आहे. यंत्राला वेग आहे, पण तर्क नाही. म्हणून चिठ्ठी, म्हणजे आजच्या भाषेतले लेबल, छापण्याचे काम किरकोळ समजून चालत नाही.

या लेबलाचे वाचक तीन असतात. पहिला वाचक म्हणजे वर्गीकरण केंद्रातील स्कॅनर; तो उभ्या काळ्या रेघांचा बारकोड वाचतो. दुसरा तेथे काम करणारा मनुष्य. तो पिनकोड आणि मार्गाची मोठी अक्षरे पाहतो. तिसरा घर शोधणारा. त्याला नाव, घरक्रमांक, खूण आणि दूरध्वनी क्रमांक लागतो. तिघांचीही सोय एकाच कागदावर व्हावी लागते, आणि तो कागद बहुधा चार इंच रुंद व सहा इंच लांब एवढाच असतो.

यांपैकी पिनकोडाचा मराठी माणसाशी निकटचा संबंध आहे. दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित व कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे या योजनेचे जनक होत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती अमलात आली. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या आणि स्पेलिंगांचा गोंधळ यांतून वाट काढण्यासाठी वेलणकरांनी सहा आकड्यांचा आधार घेतला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन आकडे विशिष्ट टपाल कचेरी. गोव्याचे क्रमांक ४०३ ने सुरू होतात, बेळगावचे ५९० ने, इंदूरचे ४५२ ने, ग्वाल्हेरचे ४७४ ने, बडोद्याचे ३९० ने आणि हैदराबादचे ५०० ने. २०१४ साली सरकारदप्तरी बेळगावचे बेळगावी झाले, बडोद्याला कोणी वडोदरा लिहितो तर कोणी बरोडा. पण क्रमांक बरोबर असला म्हणजे पार्सल चुकत नाही. २०२५ साली टपाल खात्याने डिजिपिन नावाची दहा अक्षर-अंकांची नवी खूणही पुढे आणली. ती सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दाखविते. तिने पिनकोड रद्द झालेला नाही.

बारकोडाचा जन्म अमेरिकेतला. नॉर्मन जोसेफ वुडलंड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघांना त्याचे पेटंट १९५२ साली मिळाले. मोर्सच्या तारायंत्री लिपीतले बिंदू व रेघा वुडलंडने समुद्रकाठच्या वाळूत बोटांनी खाली ओढल्या आणि त्यातून जाड-बारीक रेघांची कल्पना त्याला सुचली. किराणा दुकानात तो बारकोड प्रथम वाचला गेला तो मात्र २६ जून १९७४ रोजी, ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी. वस्तू होती च्युइंगगमचे एक पाकीट. पार्सलावरच्या बारकोडात सहसा पत्ता नसतो, एक क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून केंद्रातील संगणक पत्ता काढतो. म्हणूनच रेघा बिघडल्या, तर अक्षरे शाबूत असूनही पार्सल बाजूला पडते आणि कोणी तरी हाताने क्रमांक टिपून घेईपर्यंत तेथेच राहते.

आता प्रश्न येतो तो छपाईयंत्राचा. घरी असलेला इंकजेट प्रिंटर स्वस्त वाटतो. पण त्याची साधी शाई पाण्याने फुटते, आणि पावसाळ्यात पत्ता वाहून जातो. लेझर प्रिंटरची भुकटी उष्णतेने कागदावर घट्ट बसते, ती पाण्याला दाद देत नाही. दिवसाला चार-पाच पार्सले पाठविणाऱ्याने साध्या ए-फोर कागदावर लेझरने लेबले छापून, कापून चिकटविली, तरी त्याचे काम उत्तम चालते. पार्सलांची संख्या वीस-पंचवीसांवर गेली म्हणजे मात्र कापण्या-चिकटविण्यात सकाळ जाते. तेव्हा थर्मल प्रिंटर घेणे सोयीचे पडते.

या थर्मल यंत्रात शाई नसते. कागदावरच एक रासायनिक लेप असतो आणि उष्णता लागताच तो काळा होतो. यंत्राच्या छपाईपट्टीवर सूक्ष्म तापणारे बिंदू असतात. प्रचलित यंत्रात एका इंचात २०३, म्हणजे एका मिलिमीटरला सुमारे आठ. कागद पट्टीखालून सरकतो, हवे तेवढे बिंदू तापतात आणि अक्षरे उमटतात. कागद उलटा भरला, तर लेबल कोरेच बाहेर पडते, आणि नवखा मनुष्य यंत्र बिघडले असे समजून दुकान गाठतो. कागदावर नखाने जोराने ओरखडा काढावा. ज्या बाजूवर काळी रेघ उठते, ती लेपाची बाजू होय. ती छपाईपट्टीकडे यावयास हवी.

रोल भरल्यानंतर यंत्राला लेबलाची लांबी शिकवावी लागते. दोन लेबलांमध्ये एक लहान फट असते. यंत्रातील प्रकाशाचा डोळा ती फट हुडकतो आणि त्यावरून लेबल कोठे संपते हे ठरवितो. हे शिकविणे राहिले, की छपाई अर्धी एका लेबलावर आणि अर्धी दुसऱ्यावर येते किंवा मध्ये कोरी लेबले सुटत राहतात. रोल बदलला, निराळ्या मापाचा आणला, की ही जुळणी पुन्हा करावी.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो मापाचा. विक्रीच्या संकेतस्थळावर लेबल बहुधा ए-फोर पानावर तयार होते. तेच पान चार इंची यंत्राला दिले, म्हणजे संगणक ते आकसून बसवितो. अक्षरे बारीक होतात, हे तर दिसतेच. पण खरी हानी डोळ्यांना दिसत नाही. बारकोडाची प्रत्येक रेघ यंत्राच्या पूर्ण बिंदूंत बसावी लागते. पान शेकडा त्र्याण्णव केले, तर काही रेघांच्या वाट्याला अपूर्णांक येतात. यंत्र अर्धा बिंदू छापू शकत नाही, म्हणून एक रेघ जाड होते, शेजारची बारीक होते, आणि जाड-बारीक यांचे प्रमाण हाच ज्या लिपीचा प्राण, ती लिपी भ्रष्ट होते. यास्तव संकेतस्थळावर लेबलाचे माप आधीच चार बाय सहा निवडावे, संगणकात कागदाचे मापही तेच ठेवावे आणि छपाई मूळ आकारात, म्हणजे पूर्ण शंभर टक्क्यांवर करावी. बारकोडाच्या दोन्ही टोकांना मोकळी पांढरी जागा राहू द्यावी. रेघा कोठे सुरू होतात, हे स्कॅनरला त्या जागेवरूनच कळते.

काळेपणाचेही प्रमाण आहे. उष्णता कमी पडली तर रेघा फिकट येतात. पण गडद छपाई ती चांगली छपाई, हा समज चुकीचा आहे. उष्णता फाजील झाली, की रेघा फुगून एकमेकींना भिडतात. वेग कमी व काळेपणा मध्यम ठेवून एक लेबल छापावे आणि ते भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने वाचून पाहावे. या परीक्षेला अर्धे मिनिट पुरते. लेबलावर कागद सरकण्याच्या दिशेने सरळ पांढरी रेघ दिसू लागली, तर छपाईपट्टीवर धूळ वा डिंक बसला आहे किंवा एखादा बिंदू जळाला आहे, असे समजावे. यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे आणि मऊ कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्टी पुसावी. ही पांढरी रेघ बारकोडाच्या रेघांना समांतर आली, तर एक आख्खी रेघ पुसली जाते आणि वाचन अशक्य होते. तीच आडवी छेदून गेली, तर प्रत्येक रेघेचा लहानसा तुकडा जातो आणि वाचन बहुधा टिकते.

मराठी गिऱ्हाइकांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. पत्ता देवनागरीत आला, की लेबलावर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन छापले जातात. अनेक यंत्रांच्या अंगच्या अक्षरसंचात देवनागरी नसते, हे त्याचे कारण. लेबल पीडीएफच्या किंवा चित्राच्या रूपाने पाठविले, की यंत्राला अक्षरे ओळखावी लागत नाहीत, ते आकृती जशीच्या तशी उमटविते. तरीही छापलेला पत्ता एकवार डोळ्यांखालून घालावा.

छपाई चांगली झाली, तरी चिकटविण्यात ती वाया जाऊ शकते. लेबल खोक्याच्या सर्वांत मोठ्या सपाट बाजूवर लावावे. कडेवरून दुमडू नये, झाकणाच्या सांध्यावर नसावे, आणि खोके जुने असल्यास त्यावरचे पूर्वीचे बारकोड झाकावे किंवा खरडून काढावे. दोन पत्ते सांगणाऱ्या पार्सलाला एकही पत्ता उरत नाही. बारकोडावरून चकचकीत चिकटपट्टी ओढण्याचा मोह पुष्कळांना होतो. तिच्यावर प्रकाश परावर्तित होऊन स्कॅनर फसतो, आणि काही चिकटपट्ट्यांच्या डिंकाने थर्मल छपाई कालांतराने पुसट होते. तेलाचा हात लागला तरी तोच परिणाम होतो. फराळाचे पदार्थ बांधणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. उन्हात तापलेल्या बंद मोटारीत उलट प्रकार होतो: उष्णतेने सारा कागदच करडा पडू लागतो. मे महिन्यात ग्वाल्हेरकडे जाणारा माल आणि आषाढात गोव्याहून निघणारा माल यांची काळजी म्हणूनच निरनिराळी. जेथे लेबल दीर्घकाळ टिकावयास हवे, तेथे शाईची फीत वापरणारे थर्मल ट्रान्स्फर यंत्र अधिक भरवशाचे. त्यात उष्णतेने फितीवरील मेण किंवा राळ कागदावर उतरते, आणि त्या छपाईला ऊन सहसा बाधत नाही.

एवढ्या बारकाव्यांत शिरण्याचे कारण उघड आहे. मोठ्या कंपनीचे शंभर पार्सलांमागे एक परत आले, तर तिच्या हिशेबात ती एक नोंद असते. बेळगावहून निघालेला कुंदा चार दिवस केंद्रात अडकून परत आला, तर तो विकता येत नाही आणि खाताही येत नाही. दूध, साखर, मेहनत आणि जाण्या-येण्याचे भाडे बहुधा विकणाऱ्याच्याच माथी बसते. गिऱ्हाइकाने पैसे पोच झाल्यावर देण्याचे ठरविले असेल, तर हाती काहीच येत नाही. शिवाय सणासाठी वाट पाहणाऱ्या त्या दूरच्या घराला लेबल बिघडले होते हे कळत नाही. त्याला एवढेच कळते, की अमक्याने माल पाठविला नाही. लहान व्यापाऱ्याचे भांडवल म्हणजे त्याची पत, आणि ती अशा वेळी विनाकारण खर्ची पडते. उन्हातान्हात दुचाकीवरून फिरणाऱ्या माणसाचाही विचार करावयास हवा. अपुऱ्या पत्त्यामागे त्याची अर्धा-अर्धा तास पायपीट होते, आणि अनेकांचे उत्पन्न पोचविलेल्या पार्सलांच्या संख्येवर मोजले जाते.

माल घेणाऱ्याकडेही एक कर्तव्य येते. लेबलावर त्याचे नाव, घर आणि दूरध्वनी क्रमांक असतो. रिकामे खोके तसेच रस्त्यावर टाकणे म्हणजे ही माहिती वाटेवर मांडून ठेवणे होय. फसवणुकीचे दूरध्वनी करणाऱ्यांना अशीच माहिती हवी असते. लेबल फाडून टाकावे. थर्मल लेबल असेल, तर त्यावर हात निर्जंतुक करण्याचे अल्कोहोलयुक्त द्रावण चोळावे. लेप काळा पडून अक्षरे सहसा नाहीशी होतात.

यंत्रे बदलतील, लेबलांची मापे बदलतील. बोरूने किंवा टाकाने लिहिलेल्या पत्त्यामागे जी काळजी होती, तिची गरज मात्र बदललेली नाही. बिनचूक पिनकोड, मूळ आकारातील बारकोड, मध्यम काळेपणा, स्वच्छ छपाईपट्टी आणि सपाट जागी लावलेले लेबल, इतक्या पाच गोष्टी ज्याने रोज सांभाळल्या, त्याच्या मालाला परमुलुखात ओळखदेख शोधावी लागत नाही.