पाच काळ्या पट्ट्या आणि एक घरची चाल



माझ्याकडे पेटी शिकायला मोठी माणसं बरीच येतात. कुणी नोकरीतून निवृत्त झालेलं असतं, कुणाची मुलं शिकायला बाहेरगावी गेलेली असतात आणि संध्याकाळ खायला उठते. सगळ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘बाई, चार गाणी वाजवता आली म्हणजे झालं.’ गाणी अर्थात दुसऱ्यांची. मी विचारते, एखादी चाल स्वतः लावून बघायची का? त्यावर लोक हसतात. चाली लावायच्या त्या मोठमोठ्या संगीतकारांनी, आपण कोण लागून गेलो! पण तुमच्या-माझ्या आज्या-पणज्या जात्यावर बसून ओव्या म्हणायच्या, त्यांना चाल कुणी लावून दिली होती? भजनी मंडळांत एकाच अभंगाच्या गावोगाव निराळ्या चाली ऐकू येतात, आणि त्या कुणी बांधल्या हे विचारलं तर बुवाही खांदे उडवतात.

म्हणून आज चाल लावण्याबद्दल बोलते. त्यासाठी लगेच दुकानात जाऊ नका. माळ्यावर जुनी पेटी असेल, नातवाचा कीबोर्ड असेल, तर उत्तम. नसेल तर मोबाइलवर पियानोच्या पट्ट्यांचं एखादं फुकट ॲप उतरवून घ्या, सुरुवातीला तेवढं पुरतं.

आता पट्ट्यांकडे बघा. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांनी बसवलेल्या दिसतील. दोनांच्या गटातली डावीकडची ती काळी एक, तिच्या शेजारची काळी दोन. तिनांच्या गटातल्या ओळीनं काळी तीन, चार आणि पाच. पांढऱ्या पट्ट्यांना आज हातच लावायचा नाही. काळी तीनला सा माना आणि उजवीकडे जात एकेक काळी पट्टी दाबा: तीन, चार, पाच, मग पुढच्या सप्तकातल्या एक आणि दोन. सा, रे, ग, प, ध. हे झाले भूपाचे स्वर. या पाच पट्ट्यांवर बोट कुठंही पडलं तरी कानाला खटकत नाही, आणि नवख्या माणसाला याहून मोठा दिलासा नाही.

गंमत पुढेच आहे. पट्ट्या त्याच ठेवा, सा तेवढा हलवा. काळी एकला सा मानलात तर त्याच पाच पट्ट्यांतून दुर्गाचे स्वर निघतात. काळी दोनवरून धानी, काळी चारवरून मधमाद सारंग, आणि काळी पाचवरून चक्क मालकंस. आपल्या जुन्या शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. मात्र मागे तानपुरा हवा, तो नवीन सा वर लावलेला. नाहीतर कान जुन्याच सा ला चिकटून बसतो आणि सगळं भूपासारखंच लागतं. तानपुऱ्याचीही ॲप मिळतात. त्यांत काळी तीनला एफ शार्प, काळी एकला सी शार्प म्हटलेलं असतं, गोंधळू नका. आणि स्वर मिळाले म्हणजे राग आला, असंही समजू नका. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच, पण चेहरे निराळे. ते पुढचं शिक्षण. तेवढ्यासाठी चाल लावणं अडत नाही.

परवा एक विद्यार्थिनी नातवासाठी दोन ओळी जुळवून घेऊन आल्या. ‘पाऊस आला, छत्री कुठं? दारामागे रुसून बसली.’ मी म्हटलं, पेटी मिटा, आधी टाळी देत नुसतं बोला. पा, ऊस, आ, ला, छत्, री, कु, ठं. आठ मात्रा, म्हणजे केरवा आपोआप सापडला. मराठी शब्दांना स्वतःची चाल असते, ती आधी ऐकायची. मग त्यांनी सूर लावले. पण दोन्ही ओळी सा वर आणून टेकवल्या, त्यामुळे छत्री कुठं हा प्रश्नच वाटेना. कुणी बातमी वाचतंय असं वाटलं. तेव्हा पहिली ओळ ‘ग ग रे सा, रे ग प प’ अशी पंचमावर लोंबकळत ठेवली, आणि दुसरी ‘प ध प ग, रे ग रे सा’ अशी घरी आणली. एवढाच फरक, पण बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

सुचलेली चाल लगेच फोनमध्ये टिपून ठेवा. सकाळपर्यंत ती राहत नाही, हा माझा अनुभव आहे. पंखा बंद करा, गाद्या-कपड्यांच्या खोलीत बसा, म्हणजे आवाज घुमत नाही. पेटी आणि गळा वेगवेगळा मुद्रित करून जोडायचा असेल तर कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी आणि मोबाइलवर बँडलॅब फुकट मिळतात. आधी ठेका, त्यावर पेटी, मग गळा. ऐकायला तारेचेच हेडफोन वापरा. ब्लूटूथमधून आवाज किंचित उशिरा पोचतो आणि तुम्ही प्रामाणिकपणे ठेक्याच्या मागे पडत राहता, चूक मात्र स्वतःची समजता. तयार तुकडे एकावर एक रचून देणारी सॉफ्टवेअरही आहेत. करमणूक म्हणून ठीक, पण त्यात तुमचं असं फारसं काही उरत नाही.

जाता जाता, ज्या आकाशवाणीवरून मी पेटीचे गोडवे गातेय, तिनंच १९४० साली पेटीला दार बंद केलं होतं, आणि ते किलकिलं व्हायला १९७१ साल उजाडलं. आक्षेप खोटा नव्हता. पेटीचे सूर ठरलेल्या जागी बसवलेले, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात निघत नाही. गाणाऱ्याला ते खुपतं. तुम्हाआम्हाला मात्र तयार सूर बोटाखाली मिळतो, तो शोधत बसावं लागत नाही.

तेव्हा माळ्यावरची पेटी आज खाली काढा. पावसाळ्यानं पट्ट्या फुगून अडकल्या असतील तर जोर लावू नका, पेटी दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. ती परत येईपर्यंत मोबाइलवरच्या पाच काळ्या पट्ट्या आहेतच. दोन ओळी जुळवा आणि पहिली ओळ सा वर टेकवू नका.