सरासरी कोणाची?

(शिक्षक व कार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे लिखित रूप)



गणितातील मानवी कथा आणि गणिताचा नित्य जीवनाशी असलेला संबंध, असा विषय मला दिला गेला आहे. अशा विषयावर बोलणारा वक्ता बहुधा रामानुजनांपासून आरंभ करतो, आणि महाराष्ट्रात असला तर देवळालीच्या कापरेकर मास्तरांवर येतो. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आणि हाच उद्योग चालू ठेवा. फार तर सात पायऱ्यांत तुम्ही 6174 वर येऊन थांबता. एका शाळामास्तराने लावलेला हा शोध जगभर गेला, याचा आपणास अभिमान वाटणे योग्यच आहे. परंतु मी अर्थशास्त्राचा माणूस. ज्या गणितावर कोणाच्या तरी घरची चूल पेटते किंवा विझते, त्याच गणिताची कथा मी सांगावी, हे बरे.

ही कथा आहे सरासरीची.

गावाचा दुष्काळ ठरविण्यासाठी आपल्याकडे पैसेवारीची पद्धत आहे. 1957 साली दशमान नाणी येईपर्यंत तिला आणेवारीच म्हणत, आणि जुनी माणसे आजही तसेच म्हणतात. गावच्या पिकाचे यंदाचे उत्पन्न प्रमाण उत्पन्नाच्या रुपयात किती पैसे, हा तिचा अर्थ. पन्नास पैशांच्या आत आकडा आला तर टंचाईच्या सवलती: शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, मुलांच्या परीक्षा शुल्कात माफी. 2016 च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतील ओलावा, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ असे अन्य निकष पुढे आणले हे खरे. तरी पैसेवारी जाहीर होतेच, आणि ती पन्नासच्या वर की खाली यावरून गावोगाव वाद होतात. हा वाद राजकीय असतो असे आपण समजतो. त्याच्या मुळाशी एक गणिती प्रश्न आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

प्रश्न असा की, गावात पीक किती आले हे कळावयाचे कसे? सगळ्या शिवाराची कापणी तर मोजता येत नाही. पूर्वी पाटील आणि कारकून बांधावर उभे राहून नजरेने अंदाज करीत. नजरेचे एक वैशिष्ट्य आहे. ती ज्याची असते त्याच्या सोयीचे पाहते. सारा घेणाऱ्याला पीक भरघोस दिसते, देणाऱ्याला विरळ. यावर उपाय म्हणून पीक कापणी प्रयोग आले. गावातील काही शेते निवडावयाची, प्रत्येकात एक छोटा तुकडा आखावयाचा, तेवढेच कापून मळून वजन करावयाचे, आणि त्यावरून सगळ्याचा हिशेब मांडावयाचा.

आता शेत निवडणारा कोण? त्याच्यावर सोपविले तर तो सडकेलगतचे शेत निवडील, आणि सडकेलगतची जमीन बहुधा बऱ्यापैकी असते. म्हणून गणित सांगते की निवड माणसाच्या हाती ठेवूच नका. यादृच्छिक संख्यांचा तक्ता घ्या, त्यातून निघेल तो गट नंबर. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून किती पावले आत जावयाचे, हेसुद्धा त्या तक्त्यावरूनच. यादृच्छिक हा शब्द जड वाटतो, पण त्याचा अर्थ साधा आहे: पाटलाचे शेत आणि विधवा बाईचे शेत, दोघांनाही निवडले जाण्याची संधी सारखी. इतकी निखळ समता मी फार थोड्या सरकारी कागदांत पाहिली आहे.

हे शास्त्र आपल्या देशात रुजविणाऱ्यांमध्ये दोन मोठी माणसे होती आणि त्यांचे आपसांत कडाक्याचे मतभेद होते. एक प्रशांतचंद्र महालनोबिस. मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. 1931 साली कलकत्त्यास त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था काढली आणि 1937 पासून बंगालमधील तागाच्या पाहण्या हाती घेतल्या. दुसरे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. 1911 साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले, लंडनला सांख्यिकी शिकून आलेले, आणि 1940 नंतर दिल्लीत शेती संशोधन परिषदेत काम करणारे. महालनोबिस म्हणत, तुकडे लहान घ्या, म्हणजे तेवढ्याच पैशात अनेक शेतांत जाता येईल. सुखात्मे म्हणत, लहान तुकडा खोटे बोलतो. 1946 साली त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात हे मांडले.

लहान तुकडा खोटे का बोलतो, हे हिशेबाने पाहण्यासारखे आहे. कापणाऱ्याचा हात काठावरचे रोप बाहेर टाकण्याऐवजी आत घेण्याकडे वळतो. समजा, ही चूक चहूबाजूंनी दोन इंचांची आहे. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात दोन इंच वाढले की क्षेत्र सुमारे सतरा टक्क्यांनी फुगते. सुखात्म्यांना पसंत होता तो तुकडा तेहतीस फूट लांब व साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा हिस्सा. त्यात तीच दोन इंचांची चूक केली तर फुगवटा अवघा तीन टक्के. चूक तीच, हात तोच, विळाही तोच. फरक फक्त काठ आणि क्षेत्र यांच्या प्रमाणाचा, जे आपण सातवीत शिकतो आणि आठवीत विसरतो. आता हे पैसेवारीला लावून पहा. ज्या गावाची खरी पैसेवारी पंचेचाळीस, ते सतरा टक्क्यांच्या फुगवट्याने बावन्नच्याही पुढे जाते. सवलत गेली. कोणी लाच घेतली नाही, कोणी खोटी सही केली नाही. आज कापणीचे तुकडे बरेच मोठे असतात, आपल्याकडे पुष्कळदा दहा मीटर बाय पाच मीटर, हे त्या वादाचे फलित होय.

परंतु तुकडा बिनचूक झाला म्हणून सरासरी न्याय्य झाली काय? येथे तिसरा माणूस येतो: पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर. 1976 साली त्यांनी पीकविम्यासाठी क्षेत्र हे एकक धरावे असा विचार मांडला. प्रत्येकाच्या शेताचे नुकसान वेगवेगळे तपासणे अशक्य, आणि ते करू गेल्यास खोटेपणाला वाव. शिवाय भरपाई परिसराच्या सरासरीवर मिळणार म्हटल्यावर स्वतःचे पीक वाचविण्याची शेतकऱ्याची इच्छा मरत नाही. युक्तिवाद बिनतोड होता. 1985 ची सर्वंकष पीकविमा योजना याच तत्त्वावर उभी राहिली आणि 2016 ची पंतप्रधान पीकविमा योजनाही मुख्यतः याच तत्त्वावर चालते.

या योजनेत ग्रामपंचायत हे एकक असेल तर एका पिकाचे किमान चार प्रयोग होतात. उदाहरणादाखल सोयाबीनची चार शेते धरू: हेक्टरी सहा, नऊ, चौदा आणि एकोणीस क्विंटल. सरासरी बारा. उंबरठा उत्पन्नही बाराच असले तर भरपाई शून्य. ज्याच्या शेतात सहाच क्विंटल आले त्यालाही शून्य. आता चौथ्या शेताऐवजी तक्त्यातून दुसरा गट नंबर निघाला असता आणि तेथे अकरा आले असते, तर सरासरी दहा, तूट दोन, आणि गावातील प्रत्येक विमाधारकास संरक्षित रकमेचा सहावा हिस्सा. एकोणीस क्विंटलवाल्यालाही! यात अप्रामाणिकपणा कोणाचाच नाही. चार हा आकडाच लहान आहे. सरासरीतील चूक निम्मी करावयाची तर प्रयोग चौपट करावे लागतात, हा नियम कोणत्याही मंत्रालयाला बदलता येत नाही. आणि चौपट प्रयोगांसाठी माणसे लागतात. खर्च वाचविण्याच्या नावाखाली कृषी सहायकांची पदे रिकामी ठेवणारे सरकार प्रत्यक्षात काय वाचवीत असते, याचा विचार आपण या अंगाने करीत नाही.

दांडेकर आणि सुखात्मे यांची गाठ पुढे आणखी एका सरासरीवर पडली. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी 1971 साली दारिद्र्याची रेषा ठरविताना माणशी दररोज 2250 उष्मांक हा आधार घेतला. रोमच्या अन्न व शेती संघटनेतून परतलेल्या सुखात्म्यांनी त्यावर आक्षेप घेतला. माणसामाणसाची गरज वेगळी, त्याच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते. मग सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा? सांख्यिकी म्हणून हे अगदी रास्त आहे. रेषा सरासरीच्या बरीच खाली ओढली पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष निघाला आणि उपाशी माणसांची संख्या कागदावर झपाट्याने घटली. 1980 नंतरच्या काही वर्षांत हा वाद ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त चांगलाच रंगला. माझे मत स्पष्ट सांगतो. मजुराची बायको कमी खाते ती तिची शारीरिक गरज योगायोगाने कमी असते म्हणून नव्हे. ती शेवटी जेवते म्हणून. तिचे कमी खाणे यादृच्छिक नाही. जेथे निवड यादृच्छिक नाही तेथे यदृच्छेचे गणित लावता येत नाही, ही गोष्ट सुखात्म्यांच्याच शास्त्राने आपणास शिकविली आहे.

वेळ होत आला, तेव्हा एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. महाराष्ट्रातील एक रुपयातील पीकविमा 2025 साली बंद झाला आणि भरपाई केवळ कापणी प्रयोगांवरून निघणाऱ्या उत्पन्नावर द्यावयाचे ठरले. म्हणजे त्या दहा बाय पाचच्या तुकड्याचे वजन आता पूर्वीपेक्षा अधिक झाले आहे. आपल्यापैकी जे गावात काम करतात त्यांनी प्रयोगाच्या दिवशी शेतावर हजर राहावे. गट नंबर तक्त्यातून निघाला की सोयीने, कोपरा कोणता धरला, दोरी कोणी धरली, काठावरचे रोप आत गेले की बाहेर, वजन कोणत्या काट्यावर झाले, हे पाहावे आणि वहीत लिहून ठेवावे. शिक्षकांनी सातवी-आठवीची मुले बरोबर नेली तर क्षेत्रफळाचा धडा तेथेच होऊन जाईल.