दोष ना आईचा, ना ग्रहणाचा

डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ जन्मलं, की ‘ग्रहण पाळलं नसेल’ असा ठपका आईवर यायचा. लग्नकार्यात त्या मुलाला मागच्या खोलीत बसवलं जायचं. अजूनही कुठेकुठे हे घडतं. खरं कारण १९५९ मध्ये फ्रान्सचे डॉक्टर जेरोम लेज्युन यांनी मांडलं: एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती. त्यावरूनच २१ मार्च हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिन ठरला. संयुक्त राष्ट्रं तो २०१२ पासून पाळतात.

आपल्या बीड जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कुटुंबं फडावर जातात. मूल आजीजवळ राहतं किंवा कोपीवर जातं, आणि अंगणवाडीतली तपासणी चुकते. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो. तो वेळेत कळला तर शस्त्रक्रिया करता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा मोफत तपासणी करतात.

ही मुलं सावकाश शिकतात, पण शिकतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्यविमाही मिळतो.

तेव्हा मंडळी, फडावर निघण्याआधी बाळाची तपासणी करून घ्या, दिव्यांग प्रमाणपत्र काढा. आणि शेजाऱ्यांनो, बारशाला, जत्रेला, शाळेला या मुलांनाही बोलवा.