शाळेतील नवी साधने आणि आपली जबाबदारी



2017 साली केंद्र शासनाचे 'दीक्षा' हे शैक्षणिक व्यासपीठ सुरू झाले. पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोड मोबाईलने टिपला की धड्याची चित्रफीत समोर येते. असे कोड वर्गात वापरणारे परितेवाडीचे (जि. सोलापूर) जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तेथील मुलांची घरची भाषा कन्नड. गुरुजींनी ती शिकून धडे तयार केले. तेलंगणाच्या सीमेलगत असलेल्या आपल्या हिमायतनगर भागाने यातून बोध घ्यावा.

2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. ज्या घरी एकच मोबाईल, तेथे वडील तो घेऊन कामाला गेले की वर्ग बुडाला. मुलीचा नंबर तर शेवटी. म्हणजे साधन आले तरी ते सर्वांच्या हाती येतेच असे नाही.

म्हणून आम्ही सुचवितो, संस्थेने विहारात एक टॅब ठेवावा. 'दीक्षा'वरील धडे आधी उतरवून घेतले तर नेट नसतानाही पाहता येतात. रोज सायंकाळी दोन तास अभ्यासवर्ग घ्यावा. पहिला मान मुलींचा. शेजारी वही मात्र हवीच. पाहिलेले स्वतः लिहिल्याशिवाय पक्के होत नाही.